व्रणस्राव : परीक्षण आणि व्यवस्थापन

व्रणावरील जुना पट्ट काढला की तो लगेच टाकून देण्याची आपल्याला सवय असते. वास्तविक व्रणाची गेल्या एक-दोन दिवसांची हकिगत त्या पट्टावरच उमटलेली असते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाचा २२ वा अध्याय व्रणस्रावास दिला असून त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ व मर्म या आठ अधिष्ठानांनुसार स्रावभेद वर्णिले आहेत. दुष्टी किती खोल गेली आहे, हे स्रावावरून ओळखावे, हा त्यामागील आशय आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

परीक्षण : प्रत्येक वेळी वर्ण, सांद्रता, गंध व प्रमाण यांची नोंद करावी. आरंभीचा तनु, फिकट पिवळसर स्राव स्वाभाविक होय. घट्ट, पूययुक्त, दुर्गंधी स्राव जंतुसंसर्ग सुचवितो. प्रमाण ठरविण्यासाठी पट्टाचे कोरडे व ओले वजन करावे. १ ग्रॅम वाढ म्हणजे सुमारे १ मिलिलिटर स्राव. व्रणाच्या कडा पांढुरक्या व भिजून फुगलेल्या असतील तर स्राव अधिक. गॉज चिकटून काढताना रक्त येत असेल तर व्रण अतिशुष्क समजावा.

व्यवस्थापन : प्रत्येक व्रण कोरडा करणे हे ध्येय नव्हे. माफक आर्द्रतेत त्वचा लवकर भरून येते, हे विंटर यांनी १९६२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगात दाखविले. मात्र जीर्ण व्रणात साचलेला स्राव नवीन धातूंस अपाय करतो. म्हणून अतिस्रावात शोषक पट्ट वापरून तो वारंवार बदलावा आणि कडांना झिंक ऑक्साइडचा लेप द्यावा. शुद्ध परंतु शुष्क व्रणास जात्यादि घृताचा पिचू उपयुक्त ठरतो. घोट्याजवळील सिराजन्य व्रणात मूळ कारण पायाची सूज असते. तेथे पाय उंच ठेवणे व दाबपट्टी यांवाचून स्राव आटोक्यात येत नाही. दाबपट्टीपूर्वी पायातील धमनीचा रक्तपुरवठा तपासणे अनिवार्य आहे.

सावधानता : मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना गेलेली असल्यास वेदना इशारा देत नाही, कित्येकदा स्रावच तो देतो. स्राव अकस्मात वाढणे, दुर्गंध, पसरती लाली, ज्वर किंवा शलाकेस अस्थीचा स्पर्श होणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. येथे झालेला विलंब पायाच्या मोलाचा ठरू शकतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की पट्ट टाकण्यापूर्वी तो पाहावा, आणि जे दिसले ते रुग्णपत्रिकेत लिहावे.