संगणकाची स्मृती आणि संदर्भांचे धागे

कला शाखेच्या विद्यार्थ्याला 'संदर्भ' हा शब्द नवा नाही. उताऱ्यातील 'तो' म्हणजे कोण, हे संदर्भावरूनच कळते. संगणकाच्या आज्ञावलीतही संदर्भ असतात. आणि एखादी वस्तू स्मृतीत राहणार की जाणार, हे त्यांच्यावरच ठरते.

आज्ञावली चालू असताना स्मृतीत अनेक वस्तू निर्माण होतात : एखादी यादी, एखाद्या विद्यार्थ्याची नोंद. 'यादी' हे नाव म्हणजे ती वस्तू नव्हे. ते वस्तूकडे दाखविलेले बोट आहे. एकाच वस्तूकडे दोन नावे बोट दाखवीत असतील, तर एक पुसले तरी वस्तू राहतेच.

स्मृती मर्यादित असल्यामुळे निकामी वस्तूंची जागा परत घ्यावी लागते. सी या भाषेत हे काम आज्ञावली लिहिणाराच करतो. तो विसरला तर स्मृती भरत जाते. त्याने घाई केली तर वापरातील वस्तूच नाहीशी होते.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेत हा भार यंत्रावर सोपविला. १९६० च्या त्यांच्या निबंधातील रीत अशी : मोकळी जागा संपली की आज्ञावलीच्या हातातील मूळ संदर्भांपासून निघावे, जेथे पोहोचता येईल तेथे खूण करावी आणि बिनखुणेच्या सर्व जागा परत घ्याव्यात. आयबीएम ७०४ या यंत्रावर या सफाईला काही सेकंद लागत.

त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत मांडली. प्रत्येक वस्तूकडे येणारे संदर्भ मोजत राहावे. संख्या शून्य झाली की वस्तू काढावी. ही रीत सोपी खरी. परंतु दोन वस्तू एकमेकींकडेच बोट दाखवीत राहिल्या, तर बाहेरचे सर्व धागे तुटूनही त्यांची संख्या शून्य होत नाही. पायथन भाषेची प्रचलित आवृत्ती संदर्भ मोजते. म्हणून अशी वर्तुळे शोधणारी निराळी योजना तिच्यात २००० साली जोडावी लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सफाई करणारी यंत्रणा 'ही वस्तू हवी आहे काय?' असे विचारीत नाही; 'हिच्यापर्यंत वाट आहे काय?' एवढेच पाहते. रोजच्या नोंदी एखाद्या यादीत घालीत गेलो आणि कधीच काढल्या नाहीत, तर त्या कोणी न वाचताही स्मृती व्यापून राहतील. यावर उपाय म्हणून काही भाषांत 'क्षीण संदर्भ' असतात; ते वस्तू दाखवितात, पण धरून ठेवीत नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. यंत्रणा स्मृती परत घेते. उघडलेली फाईल वेळेवर बंद करण्याची हमी देत नाही. गुणपत्रक फाईलमध्ये लिहिले आणि ती नीट बंद केली नाही, तर शेवटच्या ओळी तबकडीवर न पोहोचण्याचा संभव असतो. जावा भाषेत वस्तू नष्ट होण्यापूर्वी 'फायनलाइझ' हे काम करण्याची सोय होती. पण ते केव्हा होईल, किंबहुना होईलच की नाही, याचा भरवसा नव्हता. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ती सोय त्याज्य ठरविण्यात आली. काम संपताच फाईल आपोआप बंद करणारी रचना जावाच्या सातव्या आवृत्तीत २०११ मध्येच आली होती. पायथनमध्येही तशी रचना आहे.

सारांश, यंत्र केर काढील. पण काय जपावे, काय सोडावे आणि उघडलेले दार केव्हा लावावे, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते.