विमा व्यवसायातील संगणक आणि वाणिज्य पदवीधर

संगणक हा अभियांत्रिकीवाल्यांचा प्रांत, अशी पेडणे-डिचोलीकडील वाणिज्य शाखेच्या मुलांची ठाम समजूत आहे. २०१२ साली खाणकाम थांबले आणि डिचोलीचे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हापासून त्या धंद्यावर डोळे मिटून विसंबण्याचे दिवस गेले. म्हणून ही समजूत तपासून पाहणे भाग आहे.

विमा आणि संगणक यांचे नाते प्रथम वैराचेच होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. साठच्या दशकात तेथे संगणक येणार म्हणताच नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी खवळले; कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये यंत्र बसू नये म्हणून पहारे बसले. भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. खातेवह्या लिहिण्याचे काम गेलेच. पण दुसरे काम आले.

ते काम कोणते? वार्षिक, सहामाही वा तिमाही हप्ता चुकला तर साधारणतः तीस दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर पंधरा. या मुदतीत विमेदार वारला तर थकलेला हप्ता वजा करून दावा द्यावा लागतो. प्रोग्रॅमर आज्ञावली लिहील. पण ही अट त्याला उलगडून सांगणारा विश्लेषक हवा. आणि मृत्यू विसाव्या दिवशी झाला तर काय, एकतिसाव्या दिवशी झाला तर काय, हे चालवून पाहणारा चाचणीकारही हवा. येथे कराराचे ज्ञान लागते, आणि ते आपण वर्गात शिकतो.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. पोर्तुगीज अमदानीच्या दाखल्यात 'नाईक' हे आडनाव 'क्यू' घालून लिहिलेले सापडते, आधार कार्डावर ते 'के'ने संपते. यंत्राच्या लेखी ही दोन माणसे. वारसाचा दावा अडू शकतो. पेडण्याच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. नोंदी जुळवण्याचा नियम करणाऱ्या परगावच्या माणसाला मात्र कोणी तरी सांगायलाच हवे.

तयारीसाठी मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा पदवीबरोबर देता येते. जोडीला माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा शिकावी. गणिताची खरी गोडी असेल त्यानेच ॲक्चुअरीच्या वाटेला जावे. त्या परीक्षा वर्षानुवर्षे चालतात. या नोकऱ्या बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूर येथे आहेत. घर सोडायचे की नाही, हे आईवडिलांशी आधीच बोलून घ्यावे.