कुजणारे प्लॅस्टिक

उकिरड्यावर टाकलेल्या भाजीच्या देठांचे काही महिन्यांत खत होते. त्यांच्याबरोबर गेलेली पॉलिथिनची पिशवी मात्र तशीच बाहेर निघते. पॉलिथिनचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची अतिशय लांब साखळी. तिचे बंध तोडणारी विकरे जंतूंपाशी सहसा नसतात. मग जंतूंना पचेल असे प्लॅस्टिक करता येणार नाही का?

असे प्लॅस्टिक काही जंतू स्वतःच तयार करतात! आपल्या अंगात चरबी साठते, तसे ते पेशीत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट साठवतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लम्वान्य यांनी ते १९२६ साली ओळखले. बाजारात अधिक आढळते ते पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून जंतूंकरवी लॅक्टिक आम्ल करतात (दह्याचा आंबटपणा याच आम्लाचा) आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडतात.

आता खरी मेख पाहा. पीएलए कुजताना पहिले काम जंतू करत नाहीत, पाणी करते. पाण्याने साखळीचे पुरेसे लहान तुकडे झाले, की मग जंतू त्यांचा फडशा पाडतात. परंतु सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या घट्ट बसलेल्या असतात व पाण्याचे काम फार मंदावते. एवढी उष्णता मोठ्या, ओलसर, हवेशीर ढिगात जंतूंच्याच श्वसनातून निर्माण होते. हिवाळ्यात सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, ती यामुळेच. खत होण्याजोग्या प्लॅस्टिकची प्रमाणित चाचणीसुद्धा ५८ अंशांच्या आसपास घेतात. नाल्यात किंवा समुद्रात ही उष्णता कोठून येणार? तेथे पीएलएचा पेला वर्षानुवर्षे पडून राहू शकतो.

नुसत्या नावावरही जाऊ नका. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर व रिचर्ड टॉम्प्सन यांनी ‘जैवविघटनशील’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे जमिनीत व समुद्रात ठेवली. त्यानंतरही तिच्यातून सव्वादोन किलो सामान नेता येत होते! हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा असे प्लॅस्टिक ओल्या कचऱ्याबरोबर खतप्रकल्पात पोचले तरच उपयोगी. सुक्या कचऱ्यात मिसळले तर ते पुन्हा वितळवायच्या चांगल्या प्लॅस्टिकचीही प्रत बिघडवते.

शाळेत एक प्रयोग करता येईल. वाळलेले पान, वर्तमानपत्राचा कागद आणि ‘कंपोस्टेबल’ पिशवी यांचे सारख्या आकाराचे तुकडे नायलॉनच्या जाळीत बांधा. एक पुरचुंडी कुंडीत पुरा, दुसरी मोठ्या खतढिगात. दर महिन्याला उघडून पाहा व दोन्हीकडचे तापमान टिपून ठेवा. तापमापक प्रयोगशाळेतला घ्या. ताप मोजायचा चालणार नाही, तो ४२ अंशांपर्यंतच असतो.