चिली चालतं, अलवाल चालत नाही

राहायला सिकंदराबादेत मारेडपल्लीला, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ शहरातल्या एका कॉलेजच्या रेडिओवर. देशोदेशीचं संगीत लावायचं, त्यातही गाण्यापायी ज्यांच्यामागे सरकार नाहीतर बंदूकवाले लागले अशांचं, असा माझा कार्यक्रम. पगार नाही, चहा मिळतो. नवी मुलं माइकसमोर बसायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते ते इथे लिहून काढलंय. क्रमाला फारसा अर्थ नाही. घाई असेल तर तिसरा मुद्दा तेवढा वाचा.

१. आधी परवान्याच्या अटी वाचा, मग गाणी निवडा.

आपल्याकडे कॉलेजांना रेडिओ चालवायची मुभा २००२ सालच्या धोरणाने मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालं, ते देशातलं पहिलं. २००६ नंतर स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले आणि २००८ मध्ये आमच्या जहीराबादजवळच्या माचनूर गावातून दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ बोलू लागला. ट्रान्समीटर छोटा, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या पुन्हा ऐकवता येतात. जे प्रसारित केलं ते तीन महिने जपून ठेवायचं.

या अटींमध्ये बंदी घातलेल्या गाण्यांची यादी कुठेच नाही. धार्मिक भावना, हिंसेला चिथावणी, सभ्यता असे ढोबळ शब्द आहेत, आणि ढोबळ शब्दाचा अर्थ जो तो आपापल्या भीतीप्रमाणे लावतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते आणि तेलंगणचे न्या. बी. पी. जीवन रेड्डीही. तो निकाल स्टुडिओच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. मी लावलेला नाही, भिंत माझी नाही.

२. अभिरुचीच्या हातातही कात्री असते.

बंदी म्हटलं की डोळ्यांपुढे हुकूमशहा येतो. पण आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला मज्जाव होता, तो काही कुणी बंड करील म्हणून नव्हे. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, म्हणून. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा चाहता. त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

जागतिक संगीताच्या दर्दी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं, कारण आमच्यातही एकेक केसकर दडलेला असतो. मुलं मालीचा कोरा शोधून आणतात, झिंबाब्वेचा म्बिरा शोधून आणतात, आणि खालून वरातीत मरफा वाजत गेला की खिडकी लावून घेतात. हा मरफा निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांनी आणि आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी या शहराला दिला. बारकस आणि ए. सी. गार्ड्स या त्यांच्या वस्त्या. गणपती विसर्जनालाही तो वाजतो. येमेन आणि आफ्रिका इथे गल्लीत नाचत असताना डाउनलोड कसले करताय, असं मी विचारते. मुलं हसतात. मग एखादा फोनवर वरात रेकॉर्ड करून आणतो आणि त्या आठवड्याचा कार्यक्रम सर्वांत झकास होतो.

३. लांबच्या गायकासाठी शूर होणं सोपं असतं.

मी व्हिक्तोर हारा लावला आहे. १९७३ च्या सप्टेंबरात चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच या गायकाला सांतियागोच्या स्टेडियममध्ये छळ करून मारलं. फेला कुटी लावला आहे. १९७७ मध्ये नायजेरियाच्या सैनिकांनी त्याचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. मिरियम मकेबा लावली आहे, जिचा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९६० मध्ये रद्द केला. यांपैकी एकाही कार्यक्रमाबद्दल कुणी भुवई उंचावली नाही. उलट कौतुक झालं: किती अभ्यासपूर्ण, किती धाडसी.

मग मी म्हटलं, पुढच्या वेळी गद्दर.

अलवाल माझ्या घरापासून फार लांब नाही. गुम्मडी विठ्ठल राव, म्हणजेच गद्दर, तिथेच राहत. कॅनरा बँकेतली नोकरी सोडलेला, अंगावर घोंगडं, पायात घुंगरू, हातात काठी असा हा माणूस जन नाट्य मंडळीतून गात असे. बरीच वर्षं भूमिगत राहून १९९० मध्ये ते निजाम कॉलेजच्या मैदानावर आले तेव्हा लोटलेल्या गर्दीच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. ६ एप्रिल १९९७ रोजी त्यांच्या घरी येऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शेवटपर्यंत त्यांच्या शरीरात राहिली.

हे नाव काढल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. जे घडलं ते असं: आमचे ध्वनितंत्र सांभाळणारे भाई प्रेमाने म्हणाले, ‘मॅडम, कायकू लफडा?’ एका प्राध्यापकांनी सुचवलं, की आधी सत्र परीक्षा होऊ द्या. कुणी तरी म्हणालं, त्यापेक्षा बॉब मार्ली चालेल. कार्यक्रम पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि वेळापत्रकातून नाव गळलं. सेन्सॉरशिप मी प्रत्यक्ष पाहिली आहे ती एवढीच: चहाच्या कपाभोवती, सगळे माझ्याच भल्याचं बोलत असताना.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. गद्दर ज्या नक्षलवादी चळवळीसाठी गायले तिने माणसंही मारली आहेत, आणि त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला तेव्हा त्यावर आक्षेप घेणारेही होते. चिथावणीची अट निव्वळ बहाणा आहे असं मी म्हणणार नाही. पण मजुराच्या घामावरचं गाणं, रिक्षावाल्यावरचं गाणं, तेलंगणवरचं गाणं यांत चिथावणी कुठली? हे गाणं ऐकून ठरवावं लागतं. नाव ऐकून ठरवणं ही आळशी माणसाची सोय आहे. गद्दर यांनीच पुढे तो मार्ग सोडला आणि २०१८ मध्ये पहिल्यांदा मतदान केलं. ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. आता राज्याचे चित्रपट पुरस्कार गद्दर यांच्या नावाने दिले जातात. सांतियागोच्या त्या स्टेडियमलाही आता व्हिक्तोर हाराचं नाव आहे. मेलेल्या गायकाशी सरकारांचं चांगलं जमतं.

४. तेच गाणं, राज्य दुसरं.

१९३८ साली याच शहरात, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तेच. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे यात मराठी मुलं बरीच होती. त्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतलं. काढलेल्यांमध्ये पी. व्ही. नरसिंह रावही होते. आज तेच गीत म्हणायला कुणी नकार दिला तर त्याला जाब विचारला जातो. गाण्याचा एक शब्द बदललेला नाही. एखादं गाणं ‘वादग्रस्त’ आहे असं सांगत कुणी आलं तर मी विचारते: कोणत्या सालात?

५. माणूस आधी, कार्यक्रम नंतर.

उस्मानिया आणि इफ्लू या दोन विद्यापीठांमुळे तारनाक्याला जगभरची मुलं भेटतात. त्यांतल्या एकीने मला तिच्या देशातली गाणी दिली, अर्थ समजावून सांगितला आणि म्हणाली, माझं नाव घेऊ नका, देशही मोघम ठेवा. आईवडील तिथेच आहेत. इराणमध्ये १९७९ पासून बाईला पुरुषांसमोर एकटीने गाता येत नाही. अफगाणिस्तानात २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर तिथल्या राष्ट्रीय संगीत संस्थेच्या मुलांना देश सोडून पोर्तुगाल गाठावं लागलं. मागे राहिलेल्यांना मोजावी लागणारी किंमत आपल्या निवेदनातल्या एका वाक्याने वाढू शकते. मी नाव घेतलं नाही. इथेही घेत नाही.

६. गायकाला नुसता पीडित करू नका.

पुण्याच्या कबीर कला मंचाची शाहीर शीतल साठे म्हटलं की लोकांना २ एप्रिल २०१३ आठवतो, विधान भवनासमोर ती आणि मंचातलाच सचिन माळी पोलिसांच्या स्वाधीन झाले तो दिवस. तो सांगावाच. सचिनला जामीन मिळायला २०१७ साल उजाडलं, तेही सांगावं. पण त्या बाईच्या आवाजाची फेक ऐकवा, ओवीची चाल ती कशी फिरवते ते ऐकवा. फेलाचं संगीत तर नाचायचं संगीत आहे. तुरुंगाची हकिगत दोन मिनिटांत आटपावी आणि गाणं पूर्ण लावावं. मध्येच आवाज खाली करून बोलू नये, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

७. नकार लेखी मागा.

आणीबाणीत, १९७६ साली, किशोर कुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली, कारण सरकारला हवं तसं सहकार्य त्यांनी दिलं नाही. हा प्रकार पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आला, कारण त्याचे कागद होते. आपल्या कॉलेजांत कागद नसतो. ‘नंतर बघू’ असतं, आणि त्याची चौकशी कोणताच आयोग करू शकत नाही.

तुमच्या कॉलेजात रेडिओ असेल तर येत्या ६ ऑगस्टला गद्दर यांच्यासाठी अर्धा तास मागा. पुण्यात असाल तर शाहिरांसाठी मागा. अर्ज साधा असू द्या: गाण्यांची नावं, प्रत्येकाचा चार ओळींत अर्थ, तारीख, सही. नकार आला तर त्यावर तारीख आणि सही घ्या. मी आता तसाच अर्ज दिला आहे. भाईंनी त्यावर पोच दिली आहे, आणि अर्धा तास वेळापत्रकात अजून तरी आहे.