शिक्षणसाहाय्य आणि शिकलेल्याची जागा




वाळूजच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागाची जबाबदारी नव्याने स्वीकारणाऱ्याला शिक्षणसाहाय्य, म्हणजे कामगाराने नोकरी सांभाळून घेतलेल्या शिक्षणाची फी कंपनीने अंशतः वा पूर्ण भरण्याची योजना, ही बाब प्रथमदर्शनी किरकोळ वाटते. हिशेबात हा खर्च कामगार-कल्याणाच्या खाती, कँटीनच्या शेजारी पडतो, आणि कल्याण म्हणून केलेल्या खर्चाचे फळ कोणी मोजत नसल्यामुळे मंदी येताच पहिली कात्री त्यालाच लागते.

वाळूजच्या आसपास शिक्षणाची सोय नाही असे मुळीच नाही. चिकलठाण्याला साचे व डाय घडवण्याचे शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूम आहे, 1960 पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि घरून शिकू पाहणाऱ्यास नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे दार 1989 पासून उघडे आहे. उणीव असते ती शिकून आलेल्याच्या जागेची. ज्या फिटरने रात्रपाळी करून डिप्लोमा मिळवला, त्याला निकालानंतरही जुन्याच मशीनवर उभे केले, तर कंपनीने प्रत्यक्षात शेजारच्या कारखान्यासाठी माणूस तयार केलेला असतो. म्हणून अभ्यासक्रमांची यादी लावण्याआधी कारखान्याने स्वतःचे अडलेले काम शोधावे: कोणती डाय दुरुस्तीसाठी बाहेर जाते, कोणत्या यंत्राच्या बिघाडासाठी पुण्याहून माणूस बोलवावा लागतो, दोन वर्षांनी कोणता सुपरवायझर निवृत्त होणार आहे. त्या कामासाठी माणूस निवडून शिकवला, तर फी ही गुंतवणूक ठरते.

अमेरिकेतील सिग्ना या विमा कंपनीच्या अशाच योजनेचा अभ्यास ल्युमिना फाउंडेशनने 2016 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षणावर खर्चलेला प्रत्येक डॉलर परत मिळून वर 1.29 डॉलरची बचत झाली, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो काढता आला तो बढती, अंतर्गत बदली व टिकून राहणे या तिन्ही गोष्टी मोजल्या गेल्या म्हणूनच.

पैसे देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. निकालानंतर फी परत करण्याची पद्धत कंपनीला सुरक्षित वाटते. परंतु ज्याच्या घरी वर्षाची फी एकरकमी भरण्याइतकी शिल्लक नाही, तो अर्जच करत नाही, आणि योजना अखेर सुस्थितीतील कर्मचाऱ्यांपुरती उरते. फी थेट संस्थेकडे आगाऊ भरावी आणि परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून द्यावी. या दुसऱ्या सवलतीला पैसा लागत नाही, फक्त लाइनच्या सुपरवायझरची संमती लागते, आणि ती मिळवणे हेच मनुष्यबळ विभागाचे खरे काम आहे.

राहिला बाँड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरून देण्याचा करार. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षे व दोन लाख रुपयांचा असा करार वैध ठरवला, तेव्हा वाजवी अट घालण्यास हरकत नाही. मात्र जवळच्याच बिडकीनला एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांचे प्रकल्प 2024 मध्ये जाहीर झाले असताना, केवळ कागदाच्या धाकाने कुशल माणूस मुदतीपलीकडे थांबेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

यंदाचे अर्ज मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे, शिक्षण संपल्यावर त्या माणसाला कोणते काम आणि किती वेतन मिळणार, हे लिहून त्यावर कारखान्याच्या व्यवस्थापकाची सही घ्यावी.