मालक तर तुम्हीच!

होळी झाली की नागपुरात आमचा धंदा सुरू होतो. कूलरचे पंप, जळालेल्या मोटरी, खसच्या ताट्या. मे सरेपर्यंत जे कमवायचं ते कमवायचं आणि पुढचं वर्ष त्यावर ढकलायचं. नेमकी याच दिवसांत मला जिल्ह्याबाहेरच्या एका कोर्टाची समन्स येत राहिली. माझं काही चोरीला गेलं नव्हतं, मी काही चोरलंही नव्हतं. तिथल्या एका मंगल कार्यालयात कूलर बसवायला गेलो असताना शेजारच्या गोदामाची पोलिसांनी झडती घेतली आणि मला पंच केलं. पंच शक्यतो त्याच वस्तीतले घ्यावेत असं कायदाच म्हणतो. पण कार्यालयाचा मॅनेजर ‘कामात आहे’ म्हणून सटकला. मी शिडीवर होतो, सापडलो.

मग तारखा. कधी आरोपीला आणलेलं नसे, कधी त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात, कधी साहेब रजेवर. दुपारपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, पुकारा झाला की आत जायचं आणि पुढची तारीख ऐकून बाहेर यायचं. खिशात फोन थरथरत असायचा. गिऱ्हाईक विचारायचं, ‘‘भाऊ, येता का दुसऱ्याले बोलावू?’’ दुसऱ्याला बोलावलेलं गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यातही त्याचंच होतं, हे कोर्टात कोणाला सांगणार?

शेवटी साक्ष झाली. ‘‘नागपूरचा माणूस इथं पंच कसा?’’ हे आरोपीच्या वकिलांनी मलाच फिरवून फिरवून विचारलं, जणू झडती मीच ठेवली होती. तेही सोसलं. खरा झटका बसला तो भत्त्याच्या टेबलावर. माझ्या आधी एक सरकारी कर्मचारी होते. त्यांनी हजेरीचा दाखला घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले. साक्षीचा दिवस त्यांना कामावरचाच धरला जातो. माझा अर्ज बाबूंनी वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ‘‘पगारातून किती कापले?’’ म्हटलं, पगार नाही, स्वतःचं दुकान आहे, ते बंद ठेवून आलो. त्यावर हसत म्हणाले, ‘‘मग तुमचे कोण कापणार? मालक तर तुम्हीच!’’ मागे उभे असलेलेही हसले. हाती आलं ते एसटीचं भाडं आणि जेवणापुरते पैसे.

घरी येऊन एका ओळखीच्या वकिलांना गाठलं. कळलं ते असं: फौजदारी खटल्यात साक्षीदाराला सरकारी खर्चातून ‘वाजवी खर्च’ देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३१२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५०. पण ते कोर्टाच्या मर्जीवर आणि राज्याच्या नियमांच्या चौकटीत. बुडालेली कमाई हक्कानं मागता येईल असं त्यात काही नाही. इंग्लंडात ज्युरीत बसवलेल्या सुताराला किंवा प्लंबरला बुडालेल्या कमाईपोटी, वर मर्यादा घालून का होईना, भरपाई मागता येते. आपल्याकडे ज्युरी नानावटी खटल्यानंतर मागे पडली आणि १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही. साक्षीदार मात्र आजही लागतोच.

तेव्हा माझ्यासारख्यांनी काय करावं?

भत्त्याचा अर्ज लेखी आणि त्याच दिवशी द्या. कोर्टाबाहेर पाऊल टाकलं की विषय संपला. खटला नंबर, समन्सची प्रत, येण्याजाण्याची तिकिटं आणि हजेरीचा दाखला जोडा. साक्ष झाली नाही, नुसती तारीख पडली, तरी दाखला मागाच. कमाईचा पुरावा म्हणून आयकर विवरण, गेल्या हंगामातल्या त्याच दिवसांचं बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट, रद्द झालेल्या कामाचे मेसेज लावा. आकडा फुगवू नका.

साक्षीदार हजर असताना खास कारण नोंदवल्याशिवाय तारीख देऊ नये, आणि तारीख मागणाऱ्यावर खर्च बसवता येतो, असं जुन्या कलम ३०९ मध्ये होतं, नव्या ३४६ मध्येही आहे. सरकारी वकिलांना सकाळीच भेटा, धंद्याचे दिवस आहेत म्हणून सांगा. ते घाईत असतील तर पुकारा झाल्यावर स्वतः हात जोडून म्हणा, ‘‘साहेब, मी हजर आहे, माझी साक्ष घ्या.’’ साक्षीदाराला तारखांवर तारखा देऊन छळलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट सुनावलंय. तालुक्याच्या व्हरांड्यापर्यंत ते अजून पोचायचंय.

दिवाणी दाव्यात बरं असतं. ज्यानं बोलावलं त्यानं साक्षीदाराचा खर्च आधी कोर्टात भरायचा असतो. कमी वाटला तर कोर्टाला सांगा. तज्ज्ञ म्हणून बोलावलं असेल तर वेळेचा मोबदलाही धरता येतो.

बाकी पाण्याची बाटली न्या, डोकं शांत ठेवा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. समन्स टाळू नका, वॉरंट निघतं. झडतीला पंच व्हायला विनाकारण नकार देणं हाही गुन्हाच आहे, म्हणून तसं करा असं मी सांगणार नाही. फक्त सही करताना, हा पंच नागपूरचा, उन्हाळ्यात धंद्यावर असतो, हे पोलिसांना लिहून घ्यायला लावा. आणि तो कामात असलेला मॅनेजर कुठे दिसला तर आधी त्याचं नाव सुचवा.