रात्रीचा पारा आधी बघा

शिरवळच्या उन्हाळ्यात टोमॅटो जगतो, वाढतो, फुलतोही. फळ मात्र धरत नाही. भाच्याने अमेरिकेतून ब्रँडीवाइन नावाच्या जुन्या वाणाचं बी आणून दिलं होतं. मोठं, मऊ, चवीचं फळ म्हणून तिकडे त्याचं फार कौतुक. परसात झाडं कमरेच्या वर गेली आणि एप्रिलभर बुडाशी पिवळ्या फुलांचा सडा पडला. दुकानदाराने फूलगळीचं टॉनिक दिलं, तेही मारून झालं. सडा तसाच.

खताचा यात काही दोष नसतो. दिवसा ३२ आणि रात्री २१ अंशांच्या वर पारा राहू लागला की परागकण निकामी होत जातात आणि फूल देठापासून सुटतं. आपण चर्चा करतो ती दुपारच्या उन्हाची. ऊन शेडनेटने अडवता येतं, पण उकाड्याच्या रात्रीवर नेट कुठून आणणार? मोठ्या फळांची वाणं इथे आधी हरतात, चेरीएवढ्या फळांची तग धरतात.

म्हणून फुलोरा कधी येणार याचा हिशेब आधी करा. तरू टाकल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. नोव्हेंबरात टाकलेलं तरू जानेवारीत फुलतं. कडक ऊन लागेपर्यंत घोस धरून झालेले असतात. त्यांच्यावरची पानं खुडू नका, नाहीतर फळांना उन्हाचे पांढरे चट्टे पडतात. तिशीच्या वर लाल रंगही नीट भरत नाही, त्यामुळे फळाला लाली दिसू लागताच तोडून घरात पिकवा.

वाण म्हणाल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा सदाबहार थंडी-उन्हाळा दोन्हींत फळ धरावं म्हणूनच काढलेलं आहे. राहुरीचं धनश्रीही चांगलं. दोन्ही सरळ वाणं, बी घरचं धरता येतं. संकरित वाणाच्या बियांतून तेच झाड मिळत नाही. एखाद्या वाडीत चपटा, खाचांचा, आंबट गावरान टोमॅटो कुणी जपला असेल, तर मी या सगळ्यांआधी तोच मागून घेईन.

उन्हासोबत पांढरी माशी येते आणि तिच्यामागून बोकड्या. तरू जाळीत वाढवा, कडेने मका लावा, बोकडलेलं झाड लगेच उपटा. पावसाळ्यात दमट हवेने पराग चिकटून बसतो. दव उतरल्यावर काठ्या हलक्या हाताने हलवल्या तर फायदा होतो. करपा मात्र येणारच.

भर उन्हात ज्या झाडाने फळ धरलं त्याला सुतळी बांधून ठेवा. ती फळं बियांची. पूर्ण पिकल्यावर गर दोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवा.